धावणं थांबल्यानंतरचा मालक

"आम्ही याला पोटच्या पोरासारखं वाढवतो हो." ग्रेहाउंडच्या शर्यती खेळणाऱ्या मालकाशी जरा वेळ बोलत बसा, हे वाक्य आल्याशिवाय राहत नाही. पंजाबच्या माळव्यात ते ऐकू येतं, सांगली-साताऱ्याकडच्या जत्रांत ऐकू येतं, आणि आयर्लंड-ऑस्ट्रेलियातले मालकही आपापल्या भाषेत हेच सांगत आले आहेत. माझं म्हणणं असं की हे वाक्य खरं धरूनच बोलायला बसावं. मालक खोटारडे, आतून निर्दय, असं एकदा ठरवून टाकलं की लेख लिहिणं सोपं जातं, पण कुत्र्याच्या पदरात काही पडत नाही.

बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांसारखं आमचंही मूळ गाव घाटावरचं. दांडिया बाजारात पिढ्या गेल्या तरी गावच्या जत्रेची वर्गणी आमच्या घरातून कधी चुकलेली नाही. तिथे नात्यातले एक काका ग्रेहाउंड पाळतात. सकाळी दुधात अंडी, संध्याकाळी भाकरीबरोबर मटण, शर्यत जवळ आली की रोज पायांना कोमट तेलाचं मालीश. मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर कुत्र्याच्या खोलीत लागतो आणि काका ओसरीवर पंख्याखाली झोपतात. शर्यतीला निघताना कुत्रा गाडीत मागच्या सीटवर गादी टाकून, आणि घरातली माणसं मोटरसायकलवर मागून. काकू एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या दुखण्याला एवढी धावपळ कुणी कधी केली नाही." त्या बोलण्यात तक्रार होती, तसा थोडा अभिमानही होता.

हे प्रेम मी पाहिलं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. तरीही या शर्यती बंद व्हाव्यात असं माझं ठाम मत आहे. मालकाचं प्रेम हे शर्यतीचं समर्थन होऊ शकत नाही. शर्यतीचा हिशोबच असा आहे की जो मालक जीव लावतो त्यालाही तो कधी ना कधी कुत्रा टाकायला लावतो, आणि जो टाकत नाही त्याला खेळातून बाहेर काढतो.

हा हिशोब नीट मांडून पाहू. ग्रेहाउंड साधारण बारा ते चौदा वर्षं जगतो. दीडेक वर्षाचा झाला की तो शर्यतीत उतरतो, आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान त्याचा वेग तरी उतरतो किंवा पाय तरी जातो. म्हणजे शर्यतीचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं आणि त्यानंतरचं सात-आठ वर्षांचं, कधी त्याहून जास्त. ही झाली धावू शकलेल्या कुत्र्याची गोष्ट. एका वेताला सहा-सात पिल्लं होतात आणि एकाच आईबापाची असूनही ती सगळी सारखी धावत नाहीत. एखादं तेज निघतं, एखाद-दोन बरी निघतात, उरलेल्यांना धावण्यात रसच नसतो किंवा अंगात तेवढी चपळाई नसते. मालकाला जिंकायचं तर निवड करावी लागते. निवड करायची तर जास्त पिल्लं काढावी लागतात. जितकी पिल्लं जास्त, तितकी नको असलेली पिल्लंही जास्त.

आता असा एक मालक डोळ्यांपुढे आणा, जो खरोखर प्रत्येक पिल्लू मरेपर्यंत सांभाळायचं म्हणतो. काही वर्षांतच त्याच्या दारात वीसेक कुत्री होतील आणि त्यांतली धावणारी एक किंवा दोन. दूध, मटण, लस, जंताचं औषध, डॉक्टर सगळ्यांनाच लागणार. शेजारच्या गावातल्या मालकाने मात्र हळू पिल्लं 'कुणाला तरी देऊन टाकली' आणि वाचलेला पैसा नव्या पिल्लांत घातला. पुढच्या जत्रेत ढाल कुणाच्या घरी जाईल? दोन-तीन हंगाम हरल्यावर पहिला मालक एक तर नाद सोडतो किंवा दुसऱ्यासारखा वागायला लागतो. मालक पिल्लांची निवड करतो हे सगळ्यांना दिसतं. शर्यत मालकांची निवड करते, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या या खेळात टिकतात ते 'देऊन टाकणं' जमणारे मालक. त्यात कुणी कुत्र्याला काठीने मारलेलं नसतं, कुणी उपाशी ठेवलेलं नसतं. क्रूर म्हणून बोट दाखवावं असा एकही माणूस नसताना क्रूरता घडते, आणि म्हणूनच ती थांबवणं अवघड जातं.

देऊन टाकली म्हणजे कुणाला, हेही विचारायला हवं. उत्तर ठरलेलं असतं: शेतावर राखणीला. ज्याच्या अंगावर चरबी नाही, कातडी कागदासारखी पातळ, केस आखूड, असा कुत्रा पौषातल्या थंडीत आणि वैशाखातल्या उन्हात उघड्या मळ्यावर राखण करणार! ग्रेहाउंड स्वभावाने मवाळ, दिवसाचा बराच वेळ झोपून काढणारा. राखणीसाठी याहून निरुपयोगी कुत्रा शोधून सापडणार नाही.

त्याच्या शरीराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शर्यत त्या शरीराचं काय करते हे मालीश करणाऱ्या हातांनाही पुष्कळदा कळत नाही. पूर्ण वेगात ग्रेहाउंडच्या प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, एकदा अंग ताणलेलं असताना आणि एकदा आखडलेलं असताना. काही झेपांतच तो ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरचा वेग गाठतो. सरळ मोकळ्या माळावर हे पाहणं डोळ्यांचं पारणं फेडणारं असतं, यात वाद नाही. लंबगोल धावपट्टीवर मात्र वळणं येतात. तिथे कुत्री घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पळतात, आणि सगळा भार वर्षानुवर्षं मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातल्या एकाच लहानशा हाडावर येतो. ते हाड मोडणं ही ग्रेहाउंडची ठरलेली दुखापत आहे. शिवाय सहा-आठ कुत्री एकाच वेळी पहिल्या वळणावर पोचतात, एकमेकांवर आदळतात. शर्यत संपल्यावर अंगाचं तापमान एकेचाळीस अंशांच्या आसपास गेलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या जत्रांत हवाच चाळीसच्या पुढे असते, तेव्हा ते अंग निवायचं कसं?

इंग्लंडमध्ये २०१० पासून कायद्याने प्रत्येक धावपट्टीवर पशुवैद्य हजर असावा लागतो आणि प्रत्येक कुत्र्याची ओळख नोंदलेली असावी लागते. ब्रिटनचं ग्रेहाउंड मंडळ दुखापतींचे आकडे दरवर्षी जाहीर करतं. २०१८ मध्ये ४,९६३ दुखापती झाल्या आणि २४२ कुत्री धावपट्टीवरच मेली. २०२४ मध्ये दुखापती ३,८०९ आणि धावपट्टीवरचे मृत्यू १२३. सुधारणा झाली आहे, ती नाकारू नये. पण हे आकडे एका जुन्या, नियमबद्ध व्यवस्थेतले आहेत. डॉक्टर आहे, नोंद आहे, दंड आहे, आणि तरी वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त दुखापती. आपल्याकडे यातलं काहीच नाही आणि आकडाही नाही. आकडा नाही म्हणजे दुखापत नाही, अशी समजूत करून घेणं फार सोयीचं असतं.

हा खेळ आजच्या रूपात फार जुना नाही. यंत्रावर पळणाऱ्या खोट्या सशामागे कुत्री सोडायची कल्पना १९१९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला आकाराला आली. १९२६च्या जुलैत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली पहिली तशी शर्यत झाली आणि काही वर्षांत कामगारवस्त्यांत तिचं वेड पसरलं. त्या काळातला सर्वांत लाडका कुत्रा म्हणजे मिक द मिलर. आयर्लंडमधल्या एका धर्मगुरूने तो पाळला होता. १९२९ मध्ये तो लंडनला आला, त्याचा वेग पाहून लोक थक्क झाले, आणि लगेच आठशे गिनींना एका सट्टेवाल्याने तो विकत घेतला. थोड्याच काळात तो आणखी एका घरी गेला, याहून मोठ्या किमतीला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. मेल्यावर त्याच्या अंगात भुसा भरून तो संग्रहालयात ठेवला गेला, आजही ट्रिंग गावच्या संग्रहालयात तो उभा आहे. इतक्या प्रेमाच्या कुत्र्यालाही एका मालकाकडे राहता आलं नाही, कारण त्याची किंमत वाढली होती. ज्यांची किंमत उतरते त्यांचं काय होतं हे कुठल्याच काचेच्या कपाटात ठेवलेलं नसतं.

ते कळायला चौकश्या व्हाव्या लागल्या. २०१५च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या सरकारी दूरचित्रवाणीने दाखवलं की काही प्रशिक्षक पिल्लांना चटक लागावी म्हणून जिवंत ससे, पोसम आणि डुकराची पिल्लं यंत्राला बांधून त्यांच्यामागे कुत्री सोडतात. त्यानंतर न्यू साउथ वेल्स राज्याने ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च अशा 'हाय कोर्टा'चे माजी न्यायमूर्ती मायकेल मॅक्‌ह्यू यांच्याकडे चौकशी सोपवली. २०१६च्या त्यांच्या अहवालातला हिशोब असा: बारा वर्षांत त्या एका राज्यात सुमारे ९७ हजार ग्रेहाउंड जन्माला घातले गेले, आणि त्यांतले ४८ हजार ते ६८ हजार मारले गेले, कारण ते हळू होते किंवा शर्यतीच्या कामाचे नव्हते. निम्मे किंवा त्याहून जास्त. मारणारे कोण? तेच मालक, जे कुत्र्यांची नावं कौतुकाने ठेवत होते. आयर्लंडमध्ये २०१९ साली तिथल्या दूरचित्रवाणीने असाच एक अहवाल बाहेर काढला. तो तर ग्रेहाउंड मंडळाने स्वतःच करून घेतलेला होता. वर्षाला सोळा हजारांच्या आसपास पिल्लं, आणि वेगाच्या परीक्षेत न बसल्याने वर्षाला सुमारे सहा हजार कुत्र्यांचा जीव घेतला जातो, असं त्यात होतं.

न्यू साउथ वेल्सच्या सरकारने २०१६च्या जुलैत बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरात मागे घेतली. मालकांनी मोर्चे काढले होते. त्यांतले बहुतेक लहान गावांतले साधे कष्टकरी लोक, आणि आमचं कुत्र्यांवर प्रेम आहे असं ते मनापासून सांगत होते. मला त्या मोर्चातल्या माणसांचा राग येत नाही. त्यांच्या प्रेमाला अहवालातला आकडा मात्र खोडून काढता आला नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

बडोद्यात आता असं घर विरळा, ज्यातलं कुणी परदेशी गेलेलं नाही. माझी मावसबहीण ऑकलंडला असते. काही वर्षांपूर्वी तिने शर्यतीतून निवृत्त झालेली एक ग्रेहाउंड कुत्री घरी आणली. कानाच्या आत गोंदलेली खूण. पहिले काही दिवस ती जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून थरथरायची, कारण तिने जन्मात जिना पाहिला नव्हता. काचेच्या दारावर तोंड आपटायची. गुळगुळीत फरशीवर पाय टाकायला घाबरायची. मिक्सर सुरू झाला की पलंगाखाली. साडेतीन वर्षं ती पिंजऱ्यांच्या रांगेत राहिली होती, तिथून गाडीत, गाडीतून धावपट्टीवर, पुन्हा पिंजऱ्यात. तिच्या आधीच्या मालकाने तिला सोडताना एक चिठ्ठी दिली होती: तिला काय खायला आवडतं, कुठे खाजवलेलं आवडतं, पावसात बाहेर जायला ती कशी कुरकुरते. ताई ती चिठ्ठी जपून ठेवते. "माया होती गं त्या माणसाची," ती म्हणते, "पण घरात घ्यायला जागा नव्हती. अशा किती घेणार?" किती घेणार, यातच सगळं आलं.

त्याच देशाच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या, सरकारने १० डिसेंबर २०२४ रोजी ग्रेहाउंडच्या शर्यती बंद करायचं जाहीर केलं, जुलै २०२६ अखेरपर्यंत खेळ गुंडाळायची मुदत देऊन. घोषणेच्याच दिवशी तिथल्या संसदेने घाईने एक कायदा मंजूर केला: शर्यतीच्या ग्रेहाउंडला विनाकारण मारता येणार नाही. या घाईकडे मी पुन्हा पुन्हा वळते. शर्यत बंद होणार हे कळल्याबरोबर कुत्री मारली जातील, अशी भीती सरकारला होती. जी माणसं कुत्र्यांना घरातलं माणूस म्हणवत होती त्यांच्यापासूनच कुत्र्यांना संरक्षण द्यावं लागलं, तेही त्याच दिवशी. मकावमध्ये २०१८च्या जुलैत धावपट्टी बंद झाली तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड तशीच मागे राहिली होती, आणि त्यांच्यासाठी घरं शोधताना तिथल्या प्राणिमित्रांची दमछाक झाली. फ्लोरिडात त्याच वर्षी ६९ टक्के मतदारांनी शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि २०२० अखेर तिथल्या धावपट्ट्या थांबल्या.

आपल्याकडे बांधीव धावपट्ट्या नाहीत, तिकिटाच्या खिडक्या नाहीत. पंजाबातल्या ग्रामीण खेळांच्या मेळ्यांत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रा-उरुसांत या शर्यती होतात. माळावर पट्टी आखायची, एका टोकाला यंत्र किंवा मोटरसायकल लावून दोरीला बांधलेलं चामडं ओढायचं आणि दुसऱ्या टोकाहून कुत्री सोडायची. पट्टी सरळ असल्याने वळणावरची हाडं मोडत नाहीत, हे मान्य. आणखी एक गोष्ट मी आपल्या मालकांच्या बाजूने सांगेन. इंग्लंडात मालक पुष्कळदा नुसता पैसे भरणारा असतो. कुत्रा प्रशिक्षकाच्या आवारात राहतो, एका कुत्र्यात दहा जणांची भागी असते आणि मालकाला तो शर्यतीच्या रात्रीच दिसतो. आपला मालक स्वतःच्या हाताने घास भरवतो. कुत्र्याला घर ठाऊक असतं, घरातली पोरं ठाऊक असतात.

पण जमेची बाजू इथेच संपते. माळावर डॉक्टर नसतो. कुत्र्याला काय टोचलंय, वेदना मारायच्या गोळ्या दिल्यात का, हे तपासणारं कुणी नसतं. तोच कुत्रा सकाळी एका गावात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पळवला तर अडवणारं कुणी नसतं. खडकाळ माळावर नखं उपटतात, पंजे फाटतात. कुठल्या वेताला किती पिल्लं झाली आणि त्यांतली किती उरली याचा कागद नसतो. सराव म्हणून पहाटे रानात ससे धरायला कुत्री नेणारेही आहेत, आणि ससा हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारा प्राणी आहे. धनगरांच्या कारवान (म्हणजेच मुधोळ) या देशी कुत्र्यांनी शतकानुशतकं हे केलं म्हणून आज ते चालेल असं नाही. धनगराचा कुत्रा कळपाबरोबर म्हातारा व्हायचा, तो ढालीसाठी पाळलेला नव्हता.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचं हित सांभाळलं पाहिजे, असं त्याचं तिसरं कलम सांगतं. अकराव्या कलमात उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. पन्नास रुपयांत त्या कुत्र्याचं एका वेळचं मटण येत नाही. प्रेक्षकांसमोर प्राण्यांचे खेळ करायचे तर आधी नोंदणी करावी, असंही हाच कायदा सांगतो. पिल्लं विकण्यासाठी कुत्री वाढवणाऱ्यांसाठी २०१७चे नियम आहेत. जत्रेच्या माळावर यातला एकही कागद मी पाहिलेला नाही.

"बैलगाड्याला परवानगी मिळाली, मग कुत्र्याने काय पाप केलं?" हा प्रश्न दर वेळी येतो. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती केली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी ती टिकवून धरली. ती दुरुस्ती बैलांपुरती आहे, कुत्र्यांना ती लागू होत नाही. कायद्याचं सोडा. बैलगाड्याच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो शेतीतल्या परंपरेचा आणि देशी वाणाच्या जपणुकीचा होता. तो पटो न पटो, ग्रेहाउंडच्या बाबतीत तेवढंही म्हणता येत नाही. हा वाण इथला नाही, खेळ इथला नाही, शेतीशी त्याचा संबंध नाही. उलट शर्यतीच्या हव्यासापायी आपली कारवान आणि पश्मी कुत्री ग्रेहाउंडशी मिसळली जात आहेत आणि मूळ वाण हातचा चालला आहे. ज्या मुधोळच्या कुत्र्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, त्याच्या वंशाची ही गत.

"कुत्र्याला धावायला आवडतं" हे दुसरं उत्तर, आणि ते खरं आहे. आवडतंच. मग धावू द्या. पहाटे नवलखी मैदानावर मोकळा सोडा, तो दोन चकरा मारेल, जीभ बाहेर काढून परत येईल आणि दिवसभर झोपेल. त्याच्या आनंदाला ढाल लागत नाही, दुसऱ्या कुत्र्याला हरवावं लागत नाही, दुखऱ्या पायावर पळावं लागत नाही. शर्यत कुत्र्याला हवी असते असं म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं की हरलेल्या कुत्र्याला हरल्याचं दुःख होतं का. ते दुःख कुणाला होतं, हे माळावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

बडोदेकरांना तरी हा वाद परका वाटू नये. आपल्या पाणीगेटाकडे हत्तीखाना आहे, आणि हत्तींच्या झुंजींचा अगड, म्हणजे आखाडा, होता. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६०च्या दशकात इथे आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्या झुंजींचं सविस्तर वर्णन करून ठेवलं आहे. १८७५च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आला तेव्हा त्याला हेच खेळ दाखवले गेले. साठमारीत मस्तीवर आलेल्या हत्तीपुढे माणसं जीव धोक्यात घालून नाचत, आणि सगळं शहर पाहायला लोटे. तो मर्दानी खेळ होता, परंपरा होती, राजाश्रय होता, शेकडो पोटं त्यावर होती. आणि महावताचं हत्तीवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? हत्ती आजारी पडला की त्याच्याजवळ रात्र रात्र बसणारी माणसं ती. त्यांच्या प्रेमाचा दाखला देऊन आज कुणी साठमारी पुन्हा सुरू करा म्हणत नाही. आज याच शहरात पावसाळ्यात विश्वामित्री फुगली, मगर गल्लीत शिरली, की तरुण पोरं रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात आणि तिला सुखरूप वनखात्याच्या हवाली करतात. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात हे सगळ्यांनी पाहिलं. मगरीसाठी धावणाऱ्या शहराला ग्रेहाउंडबद्दल समजावून सांगणं अवघड नसावं.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. गुजरातेत, महाराष्ट्रात किंवा आणखी कुठेही ग्रेहाउंडच्या शर्यतीसाठी नवी धावपट्टी, नवा परवाना, नवी 'नियमावली' नको. नियमांनी काय साधतं ते ब्रिटनने शंभर वर्षं करून दाखवलं आहे. तिथे निवृत्त कुत्र्यासाठी मालक आणि मंडळ मिळून चारशेवर पौंडांची ठेव भरतात, तरी त्यांना सामावणारी घरं शोधताना संस्था थकतात. बंदीची तारीख ठरवण्याआधी आज आहेत त्या सगळ्या कुत्र्यांची नोंद करावी, मानेत चिप बसवावी, चिपच्या नोंदीत मालकाचं नाव असावं, आणि कुत्रा कुणालाही दिला तरी तो मरेपर्यंत पहिला मालक उत्तरदायी राहावा. न्यूझीलंडने केलं तसं, आधी कुत्र्यांच्या जिवाची हमी आणि मग खेळाची समाप्ती. हा क्रम उलटा झाला तर बंदीची पहिली शिक्षा कुत्र्यांनाच होईल. आणि पन्नास रुपयांचा दंड बदलायलाच हवा, त्याला दंड म्हणायची लाज वाटते.

शहरातल्यांनीही थोडं स्वतःकडे पाहावं. ऐटबाज दिसतं म्हणून ग्रेहाउंडचं पिल्लू आणायचं, सोसायटीने कटकट केली की गावाकडच्या शर्यतवाल्याला द्यायचं, हे इथे घडतं. बडोद्याच्या रस्त्यांवर पट्ट्यासकट सोडून दिलेली जातिवंत कुत्री काही कमी दिसत नाहीत.

सरकार काय करेल ते करेल. आमच्यासारख्या बाहेरगावी राहणाऱ्या घरांच्या हाती एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे वर्गणी. जत्रेचा मांडव, कुस्त्यांचा फड, तमाशा, शर्यतींची बक्षिसं या सगळ्यांत मुंबईकर, पुणेकर, बडोदेकर यांचा पैसा असतो, आणि पावतीवर नाव असतं. यंदा वर्गणी पाठवताना मी जत्रा कमिटीला पत्र लिहिलं आहे. कुत्र्यांच्या शर्यतीसाठी आमच्या घराचा रुपयाही वापरू नये, त्याऐवजी जत्रेच्या दिवशी पशुवैद्य बोलावून गावातल्या कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस द्यावी, त्याचा सगळा खर्च आम्ही देऊ. सोबत गेल्या पाच वर्षांतल्या पहिल्या नंबरच्या कुत्र्यांची यादी मागितली आहे, ते आज कुठे आहेत या रकान्यासकट. काकांनाही फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझे दोन आहेत त्यात. एक दारात आहे." दुसऱ्याबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, चौकशी करून सांगतो.